दगडांचा बाण

४ फेब्रुवारी

खारूताईला आजीचा आशीर्वाद, आणि डोक्यात एक टपली.

परवा फोनवर तू जे काही ओरडलीस त्यातलं मला "बावीस माणसं", "चादरी" आणि "अगं आजी" एवढंच कळलं. मागे यंत्रं घरघरत होती. म्हणून म्हणते, पत्र पाठवत जा. फोनवरचं बोलणं हवेत विरतं. कागद असला की तोच मजकूर दोनदा-तीनदा वाचून घेता येतो. मला वाचता येत नसलं तरी वाचून घेता चांगलं येतं.

नंतर तुझ्या आईनं नीट सांगितलं. त्या मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात सकाळच्या पाळीची तू प्रमुख. दोन महिने तुझी परीक्षा, जमलं तर कायम, नाहीतर परत मळके कपडे मोजायच्या टेबलावर. ऐकून मी ताडकन उठून उभी राहिले, आणि का उठले ते विसरून परत बसले. जी मुलगी घरी स्वतःच्या उशीची खोळ बदलत नव्हती ती आता सहाशे खाटांच्या खोळी धुऊन घेणार. इस्पितळवाल्यांना हे माहीत आहे का? मी कळवू का?

हे पत्र नेहमीप्रमाणे आपले शिट्टीमास्तर लिहितायत. (मी निवृत्त शिक्षक आहे. शाळेचं स्काउट पथक अठ्ठावीस वर्षं चालवलं. 'शिट्टीमास्तर' हे नाव मला मान्य नाही, पण आजींपुढे कोणाचं चालत नाही.) हे बघ, मी थांबले तरी त्यांचा हात चालूच आहे. म्हणजे आपलं काहीतरी घुसवलं असणार. हरकत नाही. पत्र बंद करायच्या आधी खालच्या मजल्यावरची शिंपीण मला सगळं पुन्हा वाचून दाखवते, हे त्यांना ठाऊक आहे.

बातमी ऐकून मास्तर इतके हरखले की चष्मा चहाच्या बशीत पडला. आमच्या पथकाची मुलगी, आमच्या पथकाची मुलगी, असं चालूच. तू लहान असताना मी त्यांना विचारलं होतं, गाठी मारून आणि तंबू ठोकून कोणाचं पोट भरतं का. आता उत्तर तू द्यायचं.

त्या बावीस जणांचं सविस्तर लिही. कोण हसतं, कोण नाक मुरडतं, आणि खरं काम कोणाला येतं.

आजी

१३ फेब्रुवारी

आजी,

खरं काम येतं ते घडीमावशींना. एकतीस वर्षं त्या फक्त घड्या घालतायत. दोघांना लागणारी मोठी चादर त्या एकट्या घडी करतात, तेही खिडकीबाहेर बघत. आणि नाक मुरडतात त्याही त्याच.

पहिल्या दिवशी मी काय केलं ते सांगते, पण हसायचं नाही. मी शिट्टी वाजवली. (मास्तर, तुम्ही हे वाचताना गाळणार आहात, तरी लिहिते.) वाटलं, पथकात कसे सगळे एका शिट्टीला रांगेत यायचे, तसं होईल. बावीस माणसं जागची हलली नाहीत. मावशींनी चादर खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई, गाडी सुटली का?" आख्खा धुलाईखाना हसला. शिट्टी आता खणात आहे.

घरी येऊन मी विचार केला की पथकात शिट्टीनंच सगळं चालायचं का? नाही गं. आधी छोट्या टोळ्या होत्या, प्रत्येक टोळीचा नायक टोळीनंच निवडलेला. नायकानं सगळ्यात घाण काम आधी घ्यायचं आणि जेवायला सगळ्यांत शेवटी बसायचं. मग दुसऱ्या दिवसापासून मी हातमोजे चढवून मळक्या कपड्यांच्या टेबलावर उभी राहिले. तिथे काय काय येतं ते तुला सांगत नाही, तू जेवत असशील. आठ दिवस तिथेच होते. जेवायला शेवटी बसले. पाचव्या दिवशी बघते तर माझा डबा कोणीतरी गरम करून ठेवलेला.

आता आमच्या चार टोळ्या आहेत. मळकं निवडणारी, धुणारी, वाळवून इस्त्री करणारी आणि घड्या घालणारी. नावं त्यांनीच ठेवली. धुणाऱ्यांनी स्वतःला 'फेस' म्हणवून घेतलंय, इस्त्रीवाले 'चटका'. घडीवाल्यांच्या नायक अर्थात मावशी, आणि टोळीला नाव काय ठेवलं तर 'आम्ही'. पूर्वी दुपारी दोनपर्यंत रेंगाळणारं काम आता साडेबाराला संपतं. आजी, मला रोज सकाळी पळत पळत कामावर जावंसं वाटतं!

एकच गोष्ट मनात खुपते. तुला आठवतं ना, मी अकरा वर्षांची असताना मला टोळीनायकपदावरून काढलं होतं? शिबिरात माग काढायचा खेळ होता. फाट्यावर दगडांचा बाण होता, तो मी उलटा वाचला आणि सात मुलांना घेऊन डावीकडे खाणीच्या बाजूला गेले. तीन तास आम्हाला शोधत होते. मास्तरांनी सगळ्यांसमोर माझ्या खिशावरच्या दोन पांढऱ्या पट्ट्या उसवून घेतल्या. मी पथक सोडलं नाही, पण तेव्हापासून कुठलीही पाटी मी तीनदा वाचते. कधी कधी वाटतं, जिला साधा बाण वाचता आला नाही ती बावीस माणसांना कुठे नेणार?

तुझी खारूताई

२१ फेब्रुवारी

खारूताई,

शिट्टीचा भाग मास्तरांनी मुळीच गाळला नाही. उलट दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा स्वतःच हसले. "गाडी सुटली का" हे तर ते येता-जाता म्हणतायत. त्या मावशींना माझा नमस्कार सांग. अशी एक बाई प्रत्येक कामाच्या जागी हवी, नाहीतर वरच्या माणसाला आपण फार शहाणे आहोत असं वाटायला लागतं.

चार टोळ्या केल्यास हे ऐकून मला एवढा आनंद झाला की मी शिंपिणीला, दूधवाल्याला आणि जिन्यात भेटलेल्या वीजमीटरवाल्याला सांगितलं. त्यानं विचारलं, टोळ्या म्हणजे पोलिसांत प्रकरण आहे का? मी म्हटलं, अहो, चादरींच्या टोळ्या. त्यावर तो घाईघाईनं मीटर बघून गेला.

एक गंमत झाली. मास्तरांनी तुझं पत्र वाचलं ते "कामावर जावंसं वाटतं" इथपर्यंत. मग खोकले, पाणी प्यायले, कागदाची घडी घातली. संध्याकाळी शिंपिणीनं वाचलं तर त्याच्याखाली आणखी एक परिच्छेद निघाला. शिबिराचा, बाणाचा. मी सकाळी मास्तरांना विचारलं की एवढा भाग डोळ्यांतून कसा निसटला. म्हणाले, चष्मा बदलायला झालाय. (चष्मा खरोखरच बदलायला झालाय.)

पाटीवरची अक्षरं मला कधी लागली नाहीत. पण तू दहा वर्षांची होतीस तेव्हा अंगणात खडे मांडून मला मागाच्या खुणा शिकवल्यास. बाण म्हणजे इकडे या, फुली म्हणजे इकडे नको, गोलात टिंब म्हणजे मी घरी गेले. मी त्या तुझ्याहून लवकर ओळखायला लागले आणि तू चिडून सगळे खडे मोडलेस. तेवढंच माझं शिक्षण, पण पक्कं आहे.

बाणाबद्दल मला काहीतरी सांगायचं आहे. आज नाही. आज मास्तर दर ओळीला चष्मा काढून पुसतायत, अक्षर वाईट येईल.

आजी

१९ मार्च

आजी,

महिनाभर पत्र नाही म्हणून रागावली असशील. मंगळवारी जे झालं ते आधी ऐक, मग रागाव.

सकाळी सात वाजता बॉयलर बंद पडला. वाफ नाही म्हणजे वाळवणी यंत्र नाही, इस्त्री नाही. धुतलेल्या ओल्या चारशे चादरींचा ढीग समोर, आणि दुपारपर्यंत सगळ्या वॉर्डांना चादरी हव्यात. व्यवस्थापक फोनवर फोन करत होते. मला एकदम शिबिर आठवलं. एकदा पावसात तंबू भिजले तेव्हा झाडाझाडांना दोऱ्या बांधून आम्ही पथकानं सगळं वाळवलं होतं. इस्पितळाची वरच्या मजल्यावरची मोटारी ठेवायची जागा त्या दिवशी रिकामी होती, चारी बाजूंनी वारा. मी म्हटलं, दोर आणा.

आजी, खांबाला मारायची खुंट्याची गाठ मी पंधरा जणांना अर्ध्या तासात शिकवली. दोर ढिला पडला की ताणून घ्यायची गाठ 'फेस' टोळीच्या नायकानं पहिल्यांदाच बरोबर मारली आणि मग तोच सगळ्यांना शिकवत सुटला. साडेदहाला खांबाखांबांतून चादरींच्या रांगा उभ्या, वाऱ्यानं फुगलेल्या. रुग्णांचे नातेवाईक खिडक्यांत येऊन बघत होते. मावशी त्या रांगांमधून चालत गेल्या, एक गाठ ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "सुटत नाही." ही त्यांच्याकडून मिळालेली पदवीच. दीड वाजता प्रत्येक वॉर्डात चादर होती. व्यवस्थापकांनी माझा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही.

इथवर चांगलं. आता पुढचं.

आमच्याकडे कपड्यांच्या ढकलगाड्यांना पाट्या असतात. हिरवी पाटी म्हणजे कपडे थेट वापरा. लाल पाटी म्हणजे आधी निर्जंतुक करायला पाठवा. शस्त्रक्रियेच्या खोलीतलं सगळं लाल पाटीनं जातं. त्या गडबडीत दोन गाड्या वाटेत आल्या म्हणून मी त्या रिकाम्या करून पुन्हा भरल्या आणि पाट्या लावल्या. उलट्या लावल्या. तीनदा वाचणारी मी, त्या दिवशी एकदाही वाचलं नाही. शस्त्रक्रियेचे कपडे हिरव्या पाटीनं गेले. तिथल्या नर्सनं पुडक्यावर निर्जंतुक केल्याचा शिक्का नाही हे पाहिलं आणि सगळं थांबवलं. दोन शस्त्रक्रिया दीड तास उशिरा झाल्या. कोणालाही काही झालं नाही, तू घाबरू नकोस.

पण गाडीच्या चिठ्ठीवर सही मावशींची आहे, कारण गाडी भरल्यावर घडीच्या नायकानं सही करायची हा नियम मीच केलाय. सगळे धरून चाललेत की चूक त्यांची. आणि मावशी काही बोलत नाहीत. मी पाट्या लावल्या हे त्यांनी पाहिलं की नाही, तेही मला कळत नाही. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरलेत. त्यांना घडीच्या टेबलावरून काढून गोदामात बसवायचं बोलणं चाललंय. चौकशी दोन एप्रिलला. त्याच दिवशी मला कायम करायचं की नाही ते ठरणार.

मी असा विचार करते: आत्ता गप्प राहिले, कायम झाले, की प्रमुख म्हणून मावशींना आठवड्यात परत आणता येईल. मी बोलले तर पाट्या माझ्या आणि सही त्यांची, म्हणजे दोघी गेलो. हे बरोबर आहे ना? मास्तर, तुम्हीही सांगा.

तुझी खारूताई

२४ मार्च

खारूताई,

तुझं पत्र आज आलं आणि आजच उत्तर जातंय. मास्तरांना मी सांगितलंय, मी बोलेन ते आणि तेवढंच लिहायचं, शब्द बदलायचा नाही. शिंपीण इथे शेजारीच मशीन घेऊन बसली आहे आणि एकेक ओळ झाली की वाचते आहे.

चादरींच्या रांगा ऐकताना मला पंख फुटले होते. शिंपिणीला मी दोनदा वाचायला लावलं. गाठी मारून पोट भरतं हे मी मान्य केलं, मास्तरांसमोर, मोठ्यानं.

आता ते दुसरं. शिबिराच्या दिवशी तू स्वेटर घरी विसरलीस. तो द्यायला मी टेकडी चढून आले. फाट्यावर दगडांचा बाण होता आणि तो डावीकडे होता. खाणीच्या बाजूला. मला बरं वाटलं, म्हटलं बघा, आपल्यालाही वाचता येतंय. आयुष्यात मी स्वतःहून वाचलेली ती पहिली गोष्ट, ती मी विसरेन का? स्वेटर तंबूत ठेवून परत येताना झाडामागे दम खायला बसले. तेवढ्यात मास्तर धावत आले. बाणाकडे पाहिलं, दोन्ही वाटांकडे पाहिलं, गुडघ्यावर बसले आणि एकेक दगड उचलून बाण उजवीकडे फिरवला. मला वाटलं खेळातलंच काही असेल. संध्याकाळी तू रडत घरी आलीस आणि म्हणालीस, सगळ्यांना नेऊन दाखवलं, बाण उजवीकडेच होता. तेव्हा मला उमगलं.

तू बाण बरोबर वाचला होतास.

मास्तर, थांबू नका. लिहा.

आता माझं ऐक. मी गप्प का राहिले? मास्तर शिकलेले, मी अंगठा उठवणारी. म्हटलं, ही बाई म्हणते मी बाण वाचला, लोक हसतील. माझी लाज मी जपली आणि तू उशीत तोंड खुपसून रडलीस. मग तू शिकायला बाहेर गेलीस. मास्तर आपणहून आले आणि म्हणाले, आजी, तुमची पत्रं मी लिहीन. अकरा वर्षं लिहितायत. का लिहितायत ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांना आत्ता, या कागदावर कळतंय. बघ कसे बसलेत.

खाली मास्तरांना मी चार ओळी दिल्या आहेत. त्यांच्या, माझ्या नाहीत.

(खारूताई, आजी सांगतात ते खरं आहे. बाण मीच चुकीचा मांडला होता. त्या दिवशी तपासनीस आले होते आणि सगळ्या पथकांचा प्रमुख कोणाला करायचं ते ठरणार होतं. मला वाटलं, एकदा प्रमुख झालो की तुला पुढच्याच महिन्यात परत टोळीनायक करू. मी प्रमुख झालो. आणि मग तुला परत करताना कारण काय सांगायचं, ते मला चौदा वर्षांत सापडलं नाही. तू मला "तुम्हीही सांगा" म्हणालीस. माझ्याजवळ एवढंच आहे.)

शिंपिणीनं वाचलं. मशीन थांबलंय.

तू काय करायचं ते मी सांगणार नाही. तू मला विचारलंस, बरोबर आहे ना. चौदा वर्षांपूर्वी टेकडीवर एका माणसानं अगदी हाच हिशेब केला होता, आणि तो माणूस वाईट नाही. मला त्याच्या हातचं पत्र आवडतं.

आजी

३ एप्रिल

आजी!

मास्तरांना हे सावकाश वाचायला सांग, मी मात्र घाईत लिहितेय.

तुझं पत्र मी मळक्या कपड्यांच्या टेबलावर उभ्यानं वाचलं. मग चेहऱ्याला हात लावावासा वाटला, पण हातमोजे होते. आधी खूप राग आला, मास्तर, खरं सांगते. घरी जाईपर्यंत रागच होता. मग एकदम हसू फुटलं, रस्त्यात. चौदा वर्षं पाट्या तीनदा वाचत होते, आणि मुळात मला वाचता येत होतं!

चौकशीच्या खोलीत लांब टेबल, पाच माणसं, पाण्याचे पेले झाकलेले. मावशी पदर सावरून भिंतीशी बसलेल्या. त्यांना पहिला प्रश्न विचारायच्या आत मी उभी राहिले आणि म्हटलं, पाट्या मी लावल्या, उलट्या मी लावल्या, सही मावशींची आहे कारण मी सांगितल्यावर त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे पाचही जण समोरचे कागद चाळायला लागले. व्यवस्थापकांनी विचारलं, हे आज सांगायचं कारण? मी म्हटलं, उद्या सांगायला कारण सापडत नाही असं एका अनुभवी माणसानं मला कळवलंय.

आम्हाला बाहेर बसवलं. बाकावर मावशी म्हणाल्या, "मी पाहिलं होतं तुला पाट्या लावताना."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"शिट्टी वाजवणारी बोलते का, ते बघत होते."

निकाल असा. मावशींवर काही नाही. मला कायम केलेलं नाही. प्रमुखपदावरून बाजूला, आणि पुन्हा द्यायचं की नाही ते व्यवस्थापक आठवड्यानं ठरवणार होते. पण आज सकाळी चारही टोळ्यांचे नायक त्यांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, आमच्याकडे नायक टोळी निवडते, तुम्हीच तर ही पद्धत चांगली आहे म्हणून वरिष्ठांना कळवलंत. मग ते खाली आले आणि यंत्रांच्या मधोमध हात वर करायला सांगितलं. बावीसपैकी एकवीस हात वर. राहिलेला एक मावशींचा. त्यांच्या हातात मोठी चादर होती. त्यांनी व्यवस्थापकांना सांगितलं की हात मोकळे नाहीत, माझी मान मोजा.

परीक्षा पुन्हा पहिल्या दिवसापासून, दोन महिने. आजी, मला कायम झाल्यापेक्षा जास्त आनंद झालाय, हे वेडेपणाचं आहे का?

आता पाटी दोघांनी मिळून लावायची, एकानं लावायची आणि दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायची. हा नियम मावशींनी केलाय. मोठ्यानं वाचायचं काम माझं.

तुझी खारूताई

१२ एप्रिल

खारूताई,

वेडेपणाचंच आहे. घराण्यात आहे.

तुझं पत्र मास्तरांनी एकही ओळ न गाळता वाचलं. राग आला त्या ओळीपाशी थांबले, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग घरी गेले. शनिवारी शाळेच्या पटांगणात सध्याच्या पथकाची मुलं जमतात. तिथे जाऊन त्यांनी चाळीस मुलांसमोर दगडांचा बाण मांडला, फिरवला, आणि काय केलं होतं ते सांगितलं. मीही गेले होते, खुर्ची घेऊन, पुढच्या रांगेत. एका मुलीनं विचारलं, मग त्या ताईला पट्ट्या परत दिल्या का? मास्तर म्हणाले, उद्या पोस्टात टाकतो.

त्या या पाकिटात आहेत. दोन पांढऱ्या पट्ट्या, जरा पिवळ्या पडल्यात. चौदा वर्षं त्यांनी चष्म्याच्या घरात ठेवल्या होत्या. (तो चष्मा मी बदलला.) कामाच्या एप्रनला शिवून घे. जमत नसेल तर उशीच्या खोळीला शीव, म्हणजे निदान खोळ बदलायची आठवण राहील. मावशींना सांग, मानेचं मत मला फार आवडलं. मीही पुढच्या वेळी कुठे हात वर करायला सांगितलं तर तेच करणार आहे.

आता मास्तरांनी पेन खाली ठेवलंय. त्यांना मी खिडकीत जाऊन उभं राहायला सांगितलंय, आणि हे शिंपीण लिहिते आहे. शेवटी जे काढलंय ते मात्र तिचंही नाही, मास्तरांचंही नाही. मी काढलं. पेन धरायला वेळ लागला, रेघ वाकडी आली, दोनदा कागद फाटला. कागद कसाही धरलास तरी तो घराकडेच आहे असं समज. जून लागला की तुझी परीक्षा संपते, मग ये.

आणि बरोबर वाचलास का ते कळव.

→

आजी